पडलेल्या वाऱ्याचे पान

सागरी प्रवासाची पुस्तके आपण वादळाच्या पानावरून जोखतो. लाट किती उंच होती, डोलकाठी केव्हा मोडली, माणूस वाचला कसा, एवढे विचारतो आणि पुस्तक खाली ठेवतो. ज्या दिवसांत वारा पडला होता आणि होडी जागची हलत नव्हती, त्या दिवसांची पाने भराभर उलटतो. या लेखात मला नेमका उलटा मापदंड सुचवायचा आहे. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीवरचे पुस्तक किती खरे, हे त्यातल्या पडलेल्या वाऱ्याच्या पानांवरून ठरवावे. वादळ लेखकाला मजकूर आयता पुरवते. वारा पडल्यावर त्याच्याजवळ उरते ते त्याचे लक्ष, त्याचा धीर आणि त्या रात्री रोजनिशीत घातलेला मैलांचा आकडा.

परभणी जिल्ह्यात राहून असा विषय कशाला, असे मला अनेकदा विचारले जाते. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने पाचशे किलोमीटरहून दूर. मी कोणत्या विद्यापीठात शिकवत नाही. जिंतूरसारख्या गावात शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तके वाचत आलो. येलदरीच्या जलाशयावर मासेमारीच्या होड्या आहेत, शर्यतीच्या नाहीत. पण वाऱ्याची वाट पाहणे हा प्रकार आमच्या जिल्ह्याला अनोळखी नाही. मळणीयंत्र, म्हणजे आपल्याकडचा हडंबा, येण्याआधी ज्यांनी खळ्यावर उपणणी केली आहे, त्यांना या लेखातली निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे.

उंच तिवईवर उभा राहिलेला माणूस आधी मूठभर भुसा सोडून वाऱ्याची दिशा पाहतो. झुळूक बारीक असेल तर सुपातली धार बारीक करतो. वारा पुरता पडला तर हात थांबवतो, कारण त्या वेळी ओतलेले सगळे एकाच ढिगात पडते आणि केलेले काम पुन्हा करावे लागते. पण तो तिवईवरून उतरून घरी जात नाही. पुढची झुळूक दोन मिनिटांत येईल की दोन तासांत, हे त्याला माहीत नसते, आणि ती येईल तेव्हा सूप भरलेले असावे लागते. लांबून पाहणाऱ्याला तो रिकामा उभा असलेला दिसतो.

कमी वाऱ्यातली शर्यत जवळजवळ अशीच असते. शीड म्हणजे वाऱ्याने फुगवलेली पिशवी, ही आपली समजूत चित्रांवरून झालेली आहे. वाऱ्याच्या रोखाने तिरके जाताना शिडाच्या वक्र अंगावरून हवा सलग वाहावी लागते, तेव्हा होडी पुढे खेचली जाते. वारा ताशी दोन-तीन सागरी मैलांचा असेल तर हा प्रवाह इतका नाजूक असतो की खलाशाच्या एका धसमुसळ्या हालचालीने तो तुटतो आणि पुन्हा जुळायला वेळ घेतो. म्हणून अशा वेळी होडीवरची माणसे मांजरीच्या पावलांनी वावरतात. ती वाऱ्याच्या बाजूला न बसता उलट्या बाजूला बसून होडी मुद्दाम थोडी कलती ठेवतात, म्हणजे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरून लोंबते. सुकाणू कमीत कमी हलवतात, कारण सुकाणूचा प्रत्येक झटका पाण्यात अडसर होतो. नजर सतत लांबच्या पाण्यावर असते. जिथे पाण्याचा रंग गडद आणि अंग खरबरीत दिसते, तिथे झुळूक उतरलेली असते.

वारा नाही म्हणून होडी हेलकावून, शीड पंख्यासारखे हलवून किंवा सुकाणू वल्ह्यासारखे चालवून पुढे सरकायला बंदी आहे. आंतरराष्ट्रीय नियमावलीत त्यासाठी ४२ क्रमांकाचा नियम आहे. म्हणजे घाम गाळून वाऱ्याची उणीव भरून काढता येत नाही. मात्र नांगर टाकायला परवानगी आहे. मुंबईच्या बंदरात भरती-ओहोटीची ओढ मोठी. सकाळचा मतलई वारा संपलेला आणि दुपारचा खारा वारा अजून यायचा, अशा मधल्या वेळेत विरुद्ध ओढ लागली, तर शीड ताणून बसलेल्या होड्या हळूहळू मागे वाहत जातात आणि जिने वेळेवर नांगर टाकला ती जागच्या जागी राहून पुढे निघते. थांबून पुढे जाण्याचा हा प्रकार युद्धाच्या भाषेत कसा सांगायचा?

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी हैदराबादला हुसेनसागरावर लेझर जातीच्या होड्यांची शर्यत काठावरून पाहिली. एक माणूस, एक शीड, सव्वाचार मीटरची होडी. पावसाळी वारा शहरातल्या इमारतींवरून उतरताना तुटक होतो. मध्येच तो पडला आणि सगळ्या होड्या एकाच वेळी खिळल्यासारख्या झाल्या. माझ्या शेजारी मक्याचे कणीस खात उभे असलेले कुटुंब शर्यत बंद पडली असे म्हणून निघून गेले. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत शर्यतीचा निकाल लागला. घोळक्यापासून बाजूला, एकटा दूर गेलेल्या एकाला पाण्यावरची काळी रेघ सर्वांत आधी मिळाली आणि तो चालू लागला तेव्हा बाकीची शिडे अजून लोंबत होती. पाहण्यासारखे जे होते ते त्याने ती रेघ येण्याआधी घेतलेल्या जागेत होते. ते पाहायला शिकवणारे लेखन आपल्याजवळ फार थोडे आहे, हे मला तिथे प्रकर्षाने जाणवले.

पडलेला वारा खेळाचा इतिहासही बदलतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिका कप ही प्रसिद्ध स्पर्धा झाली. न्यूझीलंडच्या संघाला करंडकासाठी एक विजय हवा होता. २० सप्टेंबरच्या शर्यतीत तो संघ पुढे होता, पण वारा इतका कमी की ठरलेल्या ४० मिनिटांत शर्यत पुरी होईना. नियमाप्रमाणे ती रद्द झाली. पुढे अमेरिकेच्या ओरॅकल संघाने एकामागून एक शर्यती जिंकल्या आणि २५ सप्टेंबरला करंडक ९–८ असा राखला. या स्पर्धेचे वर्णन बहुतेक ठिकाणी हरता हरता जिंकलेल्यांची कथा म्हणून होते. वाऱ्याला वेळेची मर्यादा घालणाऱ्या घड्याळाचीही ती कथा आहे.

आता पुस्तकांकडे वळू. माझ्या मापदंडाची खरी परीक्षा १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीवरच्या तीन पुस्तकांत होते. ‘संडे टाइम्स’ या लंडनच्या वृत्तपत्राने ती जाहीर केली होती: एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण निघाले. एकच परतला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. १४ जून १९६८ ला फालमथहून निघून तो २२ एप्रिल १९६९ ला तिथेच आला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ मुंबईत, कुलाब्याला, इथल्या कारागिरांनी सागवानात बांधली होती. तिचे नावही वाऱ्याचे. आखाती समुद्रातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात.

एक साधा हिशेब करू. अंतर सुमारे ३०,००० सागरी मैल, दिवस ३१२. म्हणजे ताशी सरासरी चार सागरी मैल, आपल्या मापात सात-साडेसात किलोमीटर. जगातली ती ऐतिहासिक शर्यत जिंकणाऱ्याचा वेग शाळेला सायकलवर निघालेल्या पोरापेक्षा कमी होता. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की ‘ए वर्ल्ड ऑफ माय ओन’ हे नॉक्स-जॉन्स्टनचे १९६९ चे पुस्तक वेगळे दिसू लागते. तो व्यापारी जहाजावरचा अधिकारी. गद्य रोखठोक, मध्ये मध्ये रोजनिशीचे उतारे. अटलांटिकमध्ये होडीच्या तळाच्या सांध्यातून पाणी आत येऊ लागते, तेव्हा तो पाण्याखाली उतरून तो सांधा स्वतः बुजवतो. होडी पळत असताना हे काम अशक्य. शर्यतीच्या घड्याळाने पाहिले तर तो वेळ वाया गेला. पण तो वेळ गेला नसता तर ‘सुहैली’ पोहोचली नसती. पुस्तकाचा मोठेपणा मला इथे दिसतो: लेखक दुरुस्तीला पराक्रमाचा मुलामा देत नाही आणि संथ दिवसांबद्दल माफीही मागत नाही. चिडतो, ते मात्र लिहून ठेवतो.

दुसरे पुस्तक फ्रेंच खलाशी बर्नार मोइतेसिए याचे, १९७१ साली आलेले ‘ला लाँग रूत’. तो वेगवान होता, बक्षिसाच्या जवळ होता, आणि मार्च १९६९ मध्ये शर्यत सोडून तसाच पुढे निघून ताहितीला गेला. आपला निर्णय त्याने केप टाउनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी भिरकावून कळवला. भारतीय वाचकाला हा माणूस चटकन आपला वाटतो. योगाभ्यास, एकांत, बक्षिसाकडे पाठ. त्याच्यात आपल्याला बैरागी सापडतो. पण हे वाचन अर्धवट आहे. हाच बैरागी होडी हलकी व्हावी म्हणून सामानातली एकेक वस्तू समुद्रात टाकत होता. हलकी होडी थोड्या वाऱ्यात आधी चालू लागते, हे त्याला पक्के माहीत होते. रोज किती मैल झाले याकडे त्याचे बारीक लक्ष असते. त्याची शांती हिशेब सोडून आलेली नाही, हिशेबातून आलेली आहे. मोइतेसिएला संत करून टाकणारी समीक्षा त्याच्यातल्या कारागिराला पुसून टाकते.

तिसरे पुस्तक त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टवर निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल या पत्रकारांनी १९७० साली लिहिले. घर आणि धंदा पणाला लावून क्रोहर्स्ट ३१ ऑक्टोबर १९६८ ला, मुदतीच्या अगदी अखेरच्या दिवशी, निघाला. होडी अपुरी होती. दक्षिणेच्या रौद्र समुद्रात ती टिकणार नाही हे त्याला कळले आणि परतलो तर कर्ज गिळेल हेही कळले. तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि रेडिओवरून खोटी प्रगती कळवू लागला. डिसेंबरात त्याने एका दिवसात २४३ सागरी मैल कापल्याचा दावा केला. तो विक्रम म्हणून छापून आला. सर फ्रान्सिस चिचेस्टरसारख्या जाणकाराला मात्र संशय आला. १० जुलै १९६९ ला त्याची होडी माणसाविना तरंगताना सापडली. तिच्यावर त्याच्या वह्या होत्या, आणि त्या वह्यांवरून पुस्तक उभे राहिले.

या पुस्तकाचे परीक्षण बहुधा वेड, फसवणूक, शोकांतिका या शब्दांत होते. मला ते आकड्याच्या दडपणाचे पुस्तक वाटते. खरी रोजनिशी छोट्या आकड्यांची असते, कारण समुद्रावरचे कितीतरी दिवस थोड्या वाऱ्याचे असतात. पण वृत्तपत्राला, सावकाराला आणि काठावरच्या गर्दीला छोटा आकडा चालत नाही. ‘आज बारा मैल’ असे लिहायला जे धाडस लागते, ते लाटेशी झुंजायला लागणाऱ्या धाडसाहून कमी नाही. कर्ज, शब्द आणि गावातली पत यांच्या कात्रीत सापडलेला माणूस कसा गप्प होत जातो, हे मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून हे इंग्रजी पुस्तक आपल्याकडे खेळाच्या कपाटात राहू नये.

पडलेला वारा मध्यवर्ती ठेवून लिहिलेली कादंबरीही आहे. जोसेफ कॉनराडची १९१७ सालची ‘द शॅडो-लाइन’. तरुण कप्तानाचे पहिले जहाज सयामच्या आखातात वाऱ्याविना अडकते, खलाशी तापाने पडतात, आणि औषधाच्या बाटल्यांत क्विनाइनऐवजी निरुपयोगी पूड निघते. या कथेत शत्रू नाही, लढाई नाही. तरीही वाचक श्वास रोखून बसतो, कारण प्रत्येक तासाला कप्तानाने काय केले आणि काय करायचे टाळले, याचा जमाखर्च कॉनराड मांडतो.

आपल्या काव्यशास्त्राच्या कसोटीवर हे लेखन घासून पाहण्यासारखे आहे. वारा पडला की आपण झटकन शांत रस म्हणतो. निवात आणि निवांत हे आपले शब्दही एकमेकांना खेटून उभे आहेत. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी तेवणाऱ्या दिव्याची उपमा आहे, आणि ती आपल्या मनात इतकी मुरली आहे की वारा नसणे म्हणजे सुख हे आपण गृहीतच धरतो. होडीवरच्या माणसाला मात्र तो दिवा नको आहे. ज्योत हलावी म्हणून तो डोळे ताणून बसलेला आहे. तेव्हा हा रस शांत नव्हे. माझ्या मते तो वीरच आहे. वीराचा स्थायीभाव उत्साह, आणि थोड्या वाऱ्यात टिकवून धरावा लागतो तो उत्साहच. शास्त्रकारांनी युद्धवीराबरोबर दानवीर, दयावीर, धर्मवीरही सांगितले. आपल्या सागरी बातम्यांनी आणि पुस्तकांच्या परीक्षणांनी त्यांतला एकच उचलला.

त्याचे परिणाम घरच्या उदाहरणांत दिसतात. फलटणजवळ विंचुर्णीला राहणाऱ्या व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना लावून धरली. नौदलाचे दिलीप दोंदे पुढे आले. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार ठिकाणी थांबून १९ मे २०१० ला परतले. त्यांचे ‘द फर्स्ट इंडियन’ हे २०१४ चे पुस्तक सरळ, थट्टेखोर आणि कमी बोलणारे आहे. त्याचा बराच भाग जमिनीवर घडतो: होडी बांधणे, सामान मिळवणे, परवानग्या, पाठपुरावा. वादळ शोधणाऱ्या वाचकाला तो भाग रेंगाळलेला वाटेल. मला तो पुस्तकाचा कणा वाटतो. तीन वर्षे कार्यालयांच्या पडलेल्या वाऱ्यात ज्याने होडी चालती ठेवली, त्याने समुद्रावर काय केले असेल याची खात्री त्या पानांतून पटते. दोंदे यांच्या संयत शैलीची उणीव एवढीच की थोड्या वाऱ्यातल्या कसबाचे तपशील ते स्वतःला साधे वाटतात म्हणून थोडक्यात आटोपतात. जे हाताला साधे झाले आहे तेच वाचकाला नवे असते.

अभिलाष टॉमी यांच्या बाबतीत तर आपली नजर अधिकच एकांगी झाली. १९६८ च्या शर्यतीच्या स्मरणार्थ २०१८ साली जुन्याच साधनांनी नवी शर्यत झाली, तेव्हा ते गोव्यात ‘सुहैली’च्या नमुन्यावर बांधलेल्या ‘तुरीय’ या होडीतून निघाले. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली, आणि २४ सप्टेंबरला फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. ही बातमी घरोघरी पोहोचली. पुढे ४ सप्टेंबर २०२२ ला ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर २७ एप्रिलला पोहोचली होती. आठ महिन्यांच्या शर्यतीत दोन दिवसांहून कमी अंतर. असे अंतर वादळात पडत नाही. ते शेकडो साध्या तासांत, अर्ध्या-पाऊण मैलाच्या फरकांनी साचत जाते. त्या तासांविषयी आपल्याकडे किती लिहिले गेले? मोडलेल्या डोलकाठीचे छायाचित्र मात्र आजही आठवते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. पडलेल्या वाऱ्याचे वर्णन कंटाळवाणे होणार नाही का? होईल, जर लेखक फक्त आपला कंटाळा लिहील. ब्यूफर्टच्या वाऱ्याच्या श्रेणीत शून्य ते बारा अशा तेरा पायऱ्या आहेत. शून्यावर धूर सरळ वर जातो, एकवर तो किंचित झुकतो, दोनवर पाने सळसळतात. शून्य आणि दोन यांच्यामध्ये एक अख्खी शर्यत हरता किंवा जिंकता येते. तो फरक दाखवायला शब्द हवेत आणि ते आपल्याजवळ आहेत. झुळूक, वारा पडणे, वारा कोंडणे, वारे फिरणे, मतलई, खारा वारा. काही किनाऱ्याचे, काही खळ्याचे. किनाऱ्यावरचे तांडेल आणि आमच्याकडचे उपणणी केलेले म्हातारे एकमेकांची भाषा चटकन ओळखतील असे मला वाटते.

शाळेच्या भूगोलात विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांपर्यंत ‘विषुववृत्तीय शांत पट्टा’ शिकवतात. तापलेली हवा वर जाते, आडवा वारा उरत नाही, असे कारण देतात, मुले ते पाठ करतात आणि धडा पुढे सरकतो. त्या धड्याशेजारी एखाद्या एकट्या खलाशाच्या रोजनिशीतले त्या पट्ट्यातले एक पान मराठीत छापावे: सकाळी कोणते शीड होते, दुपारी का बदलले, पावसाचे पाणी किती साठवले, झुळूक कोणत्या बाजूने आली, आणि दिवसाअखेर किती मैल झाले. आकडा छोटा असेल, तो तसाच छापावा.